पुश म्हणजे ढकलणं नव्हे

प्रश्न असा आलाय: छोट्या, म्हणजे कमी खेळाडूंच्या, टेबलावरच्या पोकर टुर्नामेंटमध्ये चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) कमी उरल्या की ‘पुश ऑर फोल्ड’, म्हणजे एकतर सगळं लावायचं नाहीतर डाव सोडायचा, असं खेळायचं म्हणतात, एका मराठी लेखात त्याचं ‘ढकला किंवा दुमडा’ केलेलं वाचलं, हे बरोबर आहे का, नसेल तर काय म्हणायचं?

माझ्या मते दोन्ही शब्द चुकलेत. ‘दुमडा’चं आधी घेतो कारण ते लवकर संपतं. पत्ता दुमडला की त्याच्यावर खूण बसते आणि अख्खा कॅट बाद होतो, त्यामुळे लहानपणापासून पत्ते खेळणाऱ्याला ‘दुमडा’ ऐकलं की भलतंच वाटेल. ‘पान टाका’ही चालणार नाही, कारण आपल्याकडे पान टाकणं म्हणजे खेळणं, मेंढीकोटापासून रमीपर्यंत सगळीकडे. तीन पत्तीवाले ‘पॅक’ म्हणतात, ते बिनधास्त वापरा, नाहीतर साधं ‘डाव सोडला’.

खरी गडबड ‘ढकला’ची आहे. मराठीत आपण काय काय ढकलतो बघा ना, दिवस ढकलतो, तारीख पुढे ढकलतो, काम दुसऱ्यावर ढकलतो. गाडी ढकलणं सोडलं तर या शब्दात निर्णय टाळण्याचा वास आहे, आणि पोकरमधला पुश म्हणजे बरोब्बर उलटं, जेवढं आहे तेवढं एका क्षणात मध्ये सरकवणं. चिप्स कमी असताना चांगल्या पानांची वाट बघत बसलेला माणूसच मराठी अर्थाने दिवस ढकलत असतो. म्हणजे भाषांतर नुसतं ओबडधोबड नाही, खेळाडूला नेमका चुकीचा सल्ला देणारं आहे, म्हणून मला ते एवढं खटकलं.

हे मला कळलं ते चतुर्थीत. माझा भाचा पणजीला मांडवीतल्या एका बोटीवर पोकरच्या टेबलावर पत्ते वाटायचं काम करतो, तो दोन दिवस घरी आला होता, आरत्या झाल्यावर सोप्यात चटई टाकून आम्हाला शिकवायला बसला. पैसे नाहीत, आजीच्या डब्यातली बंद झालेली दहा-वीस पैशांची नाणी चिप्स म्हणून घेतली. खेळता खेळता चौघं उरलो, पानं वाटण्याआधी पाळीपाळीने दोघांना जे भरावंच लागतं ते ब्लाइंड, त्यात स्मॉल ब्लाइंड एक नाणं, बिग ब्लाइंड दोन, आणि आत्यासमोर सोळा. तिने ती बोटांनी नीट एकावर एक रचली आणि म्हणाली, ‘माझी चळत तोकडी झाली गो बाई.’

चळत! भाकऱ्यांची असते, नाण्यांची असते, एकावर एक रचलेली. खेळाडूसमोरच्या चिप्सना पोकरमध्ये स्टॅक म्हणतात, त्याला याच्याहून नेमका शब्द शोधून सापडायचा नाही. ढीग म्हणजे विस्कटलेला, रास म्हणजे धान्याची, पोकरच्या चिप्स रचून ठेवतात म्हणून चळतच. शॉर्ट स्टॅक म्हणजे तोकडी चळत.

आता त्या सोळा नाण्यांवरच हिशोब दाखवतो, कारण तो कळल्याशिवाय शब्द नीट बसणार नाही. सोळा म्हणजे आठ बिग ब्लाइंड, आणि साधारण दहाच्या खाली गेलं की ‘पुश ऑर फोल्ड’चा नियम लागू होतो. आत्या आधी पाच लावून बघते म्हणाली, भाच्याने हात धरला. पाच लावले की अकरा उरतात, आणि बिग ब्लाइंडवाल्याने त्यावर सगळं लावलं तर मध्ये तिचे पाच, स्मॉल ब्लाइंडचं एक आणि त्याचे सोळा असे बावीस जमतात, तिला अकरा भरून बावीस मिळणार, म्हणजे तीनदा खेळून एकदा जिंकलं तरी बरोबरी. अशा वेळी डाव सोडणं महाग पडतं, मग कसंही करून भरायचंच असेल तर पहिल्यांदाच सगळं का नाही लावायचं? तेव्हा लावलं तर समोरचे घाबरून पॅक होण्याची शक्यता तरी हातात राहते, आणि सगळे पॅक झाले तर मधली तीन नाणी फुकट, सोळाला तीन म्हणजे जवळजवळ एकोणीस टक्के वाढ, पानं न दाखवता.

आणि वाट बघायची म्हटलं तर किती? एका फेरीला ब्लाइंडचे तीन जातात, सोळात पाच फेऱ्या आणि थोडं वर. या आकड्याला पोकरमध्ये ‘एम’ म्हणतात, पॉल मॅग्रिएल या बॅकगॅमन खेळाडूच्या आडनावावरून. नऊ जणांच्या टेबलावर पाच फेऱ्या म्हणजे पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस डाव, पण चौघंच उरले की तेच जेमतेम एकवीस डाव, तेही ब्लाइंड वाढले नाहीत तर. छोट्या टेबलावर दिवस ढकलणं म्हणूनच जास्त महागात जातं.

मग पुशला काय? मला ‘पणाला लावणं’ आवडतं. संस्कृतात ‘पण’ म्हणजे द्यूतात लावलेली वस्तू, आणि एक नाणंसुद्धा, म्हणजे शब्द जुगाराच्याच घरचा आहे, आणि पणाला लावलं म्हटलं की थोडंथोडकं नाही, सर्वस्व डोळ्यासमोर येतं. ‘पैज’ इथे नको, ती ‘प्रतिज्ञा’वरून आलीय आणि तिच्यात दोघांनी बोलून ठरवण्याचा भाग आहे. बोलताना मात्र ‘सगळं लाव’ पुरे.

राहिली अख्ख्या जोडीची गोष्ट. ‘लाव नाहीतर सोड’ हे माझं उत्तर, दोन क्रियापदं, लहान, तोंडात बसणारी. आणि हा नियम ज्या मधल्या गोष्टीला नको म्हणतो, थोडंसं लावून बघणं, नुसता ब्लाइंड भरून आत शिरणं, तिला मराठीत आयता शब्द आहे: तळ्यात-मळ्यात. तोकड्या चळतीने तळ्यात-मळ्यात करायचं नाही असं सांगितलं की पोकर न खेळलेल्यालाही कळतं. आत्याला भाच्याने हेच शब्द वापरून सांगितलं आणि तिने सोळाच्या सोळा नाणी सरकवली.

एक सावधगिरी. ‘लाव’ हे स्वतः पुढाकार घेणाऱ्यासाठीच आहे. दुसऱ्याने सगळं लावलंय आणि आपण ते भरायचं, म्हणजे कॉल, त्याला ‘लाव’ म्हणू नका. लावणाऱ्याला जिंकायच्या दोन वाटा असतात, समोरचे सोडतील किंवा आपली पानं भारी निघतील, भरणाऱ्याला दुसरी एकच. त्यामुळे भरायला पानं जास्त चांगली लागतात, आणि चौघं उरलेत पण बक्षीस तिघांनाच असेल तर आणखीनच. ‘लावणं’ आणि ‘भरणं’ हे दोन शब्द वेगळे ठेवले की हा फरक आपोआप सांभाळला जातो.

‘ब्लाइंड’ तसंच ठेवा, फक्त तीन पत्तीवाल्या वाचकाला एकदा सांगा की हे न बघता चाल खेळणं नाही, हे आपल्या बूटसारखं आधीच भरावं लागणारं आहे.