सुरगाण्यात सेवा की परदेशात पगार?

पत्र: मी नाशिकच्या सिडकोत राहते. बारावी सायन्स झालंय, नर्सिंगची सीईटी दिली आहे. सुरगाण्याकडच्या पाड्यांवर काम करायची इच्छा आहे. काका म्हणतात, परदेशात जा, आधी घर वर काढ. बाबा अंबडला कंत्राटी कामगार आहेत, भाऊ लहान आहे. पगाराचा विचार मनात आला की अपराधी वाटतं. मी स्वार्थी आहे का?

उत्तर: नाही. काकाही नाहीत. तुझ्या घरची परिस्थिती बघता पगार विचारलाच पाहिजे. न विचारता निघालेली मुलं वर्षा-दोन वर्षांत वैतागून परत येतात आणि पाड्यावरची माणसं पुन्हा नव्या चेहऱ्याची वाट बघत बसतात.

आता कामाचं बोलू. बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं झाली की आरोग्य उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं. आदिवासी भागात साधारण 3000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र धरलेलं असतं. बीपी, शुगर, औषधं हे रोजचंच. पण दिवाळीनंतर सुरगाणा-पेठची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला उतरतात. त्यात एखादी सहाव्या महिन्यातली बाई असते. तिची पुढची तपासणी झाली का, लोहाच्या गोळ्या संपल्या का, हे फोन करकरून शोधायचं. फोन लागला नाही तर मुकादमाला गाठायचं. इथे कौतुक करायला कुणी नसतं. सेवेची नुसती हौस असलेले इथेच गळतात, असं माझं मत.

या कामाला मानधन आहे, वर कामानुसार मोबदला. मात्र पद कंत्राटी आहे. बाबांना हे आधीच सांग. कंत्राट म्हणजे काय ते त्यांना समजावावं लागणार नाही!

काकांचा रस्ताही मोडीत काढू नकोस. काही वर्षं मोठ्या हॉस्पिटलात काढून, घर सावरून मग सुरगाणा गाठलंस तरी चालेल. फक्त ते 'मग' कधी, हे घरात आत्ताच बोलून ठेव. एकदा फ्लॅटचे हप्ते सुरू झाले की ते पुढेच सरकत जातं.

पसंतीक्रमात सरकारी कॉलेजं वर ठेव. डोक्यावर कर्ज कमी, तर निवड तुझ्या हातात. शिवाय 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना 2024-25 पासून शिक्षण शुल्क माफ आहे. उत्पन्नाचा दाखला लगेच काढून घे. आणि फॉर्म भरण्याआधी लसीकरणाच्या दिवशी पेठकडच्या एखाद्या उपकेंद्रावर जा. सिस्टरना विचारून दिवसभर तिथेच थांब.