सगळे रडत होते आणि मला हसू आले

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या तरुण मुलामुलींच्या तोंडून थोड्याफार फरकाने एक प्रश्न नेहमी ऐकू येतो: जे सर्वांना आवडते ते मला आवडत नाही, तर माझ्यातच काही उणे आहे का? हा प्रश्न कधी गाण्यावरून निघतो, कधी क्रिकेटवरून. एकदा तो ‘टायटॅनिक’ या चित्रपटावरून निघाला. तो विचारणाऱ्या मुलीच्या संमतीने ही हकीकत लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

सोलापुरातील टॉवेलच्या एका कारखान्यात माल तपासण्याचे काम करणारी ही 26 वर्षांची मुलगी. साखरपुडा झालेला, लग्न मार्गशीर्षात ठरलेले. जुळे सोलापुरात राहणाऱ्या होणाऱ्या नणंदेच्या घरी एका रविवारी सर्वांनी मिळून दिवे मालवून हा सव्वातीन तासांचा चित्रपट पाहिला. शेवटी गोठवणाऱ्या पाण्यात नायिका फळीवर आणि नायक फळीला धरून पाण्यात, असा तो प्रसिद्ध प्रसंग आला, हॉलमध्ये नाके ओढल्याचे आवाज येऊ लागले, आणि हिच्या तोंडून निघून गेले, “थोडं सरकून घे म्हणावं तिला!” वर ती हसलीही. त्या रात्री तिला मोटारसायकलवरून घरी सोडताना तिचा होणारा नवरा वाटभर एक शब्द बोलला नाही, आणि दाराशी मात्र म्हणाला, “तू फार कोरडी आहेस.”

हा ‘कोरडी’ शब्द घेऊन ती माझ्याकडे आली. मधल्या तीन आठवड्यांत तिने तोच चित्रपट मोबाइलवर एकटीने आणखी दोनदा पाहिला होता, केवळ आपल्याला रडू येते की नाही हे तपासण्यासाठी. “आलं नाही, मॅडम. अकरा ऑस्कर मिळालेल्या सिनेमाला मला साधं रडूही येत नाही, मग मी संसार कसा करणार?”

येथे माझी एक चूक कबूल केली पाहिजे. पहिल्या भेटीत मी तिच्या बालपणातली एखादी जुनी जखम शोधत राहिले: पाण्याची भीती, एखादा मृत्यू, आईवडिलांमधील बेबनाव. तसे काहीच नव्हते, आणि माझ्या प्रश्नांमुळे आपल्यात खरोखरच काही बिघाड असावा असे तिला अधिकच वाटू लागले. नावडीच्या मुळाशी दुखणेच असते असे धरून चालणे ही आम्हा समुपदेशकांची एक व्यावसायिक खोड आहे.

दुसऱ्या भेटीत मी एवढेच विचारले की, चित्रपटातले लक्षात काय राहिले? त्यावर ती वीस मिनिटे बोलली. जहाज बुडत असताना वाजवत राहिलेले वादक, पलंगावर एकमेकांना धरून पडून राहिलेले म्हातारे जोडपे, खालच्या वर्गात मुलांना गोष्ट सांगून झोपवणारी आई. मग तिने खऱ्या दुर्घटनेविषयी वाचलेलेही सांगितले: 14 एप्रिल 1912 च्या रात्री 11 वाजून 40 मिनिटांनी जहाज हिमनगावर आदळले आणि 2 वाजून 20 मिनिटांनी बुडाले, जहाजावर माणसे 2,200 हून अधिक, होड्या 20 आणि त्यांत जागा 1,178, त्यातही सुरुवातीच्या होड्या अर्ध्याअधिक रिकाम्याच खाली सोडल्या गेल्या, तिसऱ्या वर्गातली निम्म्याहून अधिक मुले वाचली नाहीत. बोलताना तिची बोटे माझ्या टेबलावरच्या नॅपकिनच्या काठावरून सवयीने फिरत होती. एके ठिकाणी ती थांबली. तिथे एक धागा सुटलेला होता, जो मला इतक्या महिन्यांत कधी दिसला नव्हता.

“दीड हजार माणसं मरतायत, आणि मला त्या दोघांसाठीच रडायला सांगतात,” ती म्हणाली. कोरड्या माणसाचे हे वाक्य नव्हे, हे मी तिला सांगितले. पण लगेच हेही सांगितले की, समजा तिला तो चित्रपट नुसता कंटाळवाणा वाटला असता, तरीही त्यात काही बिघडले नसते. नावडीला उदात्त कारण जोडलेच पाहिजे असे नाही.

मग एकटे पडल्याची ती भावना इतकी बोचते कशाने? सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात केलेला रेषांचा प्रयोग मी अशा वेळी सांगते. दाखवलेल्या रेषेइतक्याच लांबीची रेष गटात बसून ओळखायची, एवढेच त्यात काम. आधीच शिकवून ठेवलेली सगळी मंडळी एकमुखाने चुकीची रेष दाखवू लागली, की डोळ्यांना स्वच्छ दिसत असतानाही माणसे जवळजवळ एक तृतीयांश वेळा त्यांच्यासारखेच चुकीचे उत्तर देत. मात्र गटातल्या एकानेही बरोबर उत्तर दिले, की हे प्रमाण एकदम खाली येई. रेषेचे उत्तर निदान मोजता येते, आवडीला तर मोजपट्टीच नाही. तरी दबाव तोच असतो.

तिसऱ्या भेटीला तो आला. त्याची तक्रार ऐकल्यावर लक्षात आले की, चित्रपट हे नुसते निमित्त होते. “नाही आवडला तर नाही आवडला. पण ताईसमोर हसायची काय गरज होती? तिचा तो जीव की प्राण आहे.” अर्थात दुखावली गेली होती ती बहिणीची मर्जी, आणि लग्नाआधीच नणंदेच्या घरात काय म्हटले जाईल याची त्याला काळजी होती. तिच्या नावडीवर तिने माफी मागू नये, पण हसण्याबद्दल नणंदेशी स्वतः बोलावे, आणि बोलताना ‘मला पटला नाही’ म्हणावे, ‘रडण्यासारखं आहे काय त्यात’ असे म्हणू नये, एवढेच आम्ही ठरवले. निघताना तो खाली बघून पुटपुटला की, पहिला तासभर तर तोही पुढे ढकलूनच पाहतो. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

दिवाळीनंतर तिचा फोन आला. नणंदेकडे पुन्हा तोच चित्रपट लागला होता. ती सुरुवातीपासून स्वयंपाकघरात सासूबाईंबरोबर शेंगाची चटणी कुटत बसली होती आणि हॉलमध्ये तिने आधीच सांगून ठेवले होते, “ताई, हिमनग आला की मला हाक मारा.”