बेस ऐक

प्रिय मुली,

कॉयरमधला आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, सोडून सोप्रानोत, सगळ्यांत वरच्या आवाजात, जायचं म्हणतेस. मधल्या ओळीला चाल नाही आणि झेलेंका या संगीतकाराच्या ‘मिझेरेरे’त, त्या लॅटिन स्तोत्रात, सूर हातातून निसटतो, म्हणून. जा खुशाल, तिथेही निसटेल. तू वरच्या आवाजाला कान लावून गातेस, बेसला, म्हणजे सगळ्यांत खालच्या ओळीला, नाही. बेस ऐक.

तुझी अडचण मला कळते. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला षड्ज जागचा हलत नाही याची सवय असते. इथे तळच चालत असतो. आणि यान डिस्मास झेलेंका (१६७९–१७४५) तर ड्रेस्डेनच्या दरबारी वाद्यवृंदात व्हायोलोने वाजवायचा, सगळ्यांत खालचं तंतुवाद्य. त्याचं संगीत तळातून वर येतं. १७३८च्या त्या ‘मिझेरेरे’ची सी मायनर सुरुवात आठव: खाली तंतुवाद्यांचे सलग ठोके, वर दोन ओबो (सनईसारखी वाद्यं) एकमेकांना घासत चाललेले, आणि मग कॉयर. ओबोच्या मागे गेलीस की बुडालीस. बेस धर, प्रत्येक घासणारा स्वर का घासतो ते समजेल. तो सुटून कुठे उतरणार तेही आधीच ऐकू येईल.

‘ज्याला कुणी ओळखत नाही त्याच्यासाठी एवढी मेहनत कशाला?’ हे मात्र मला पुन्हा विचारू नकोस. बाखला त्याची कदर होती, बाखच्या मुलाने तसं लिहून ठेवलंय. १७२९ मध्ये दरबाराचा कापेलमाइस्टर, म्हणजे संगीतप्रमुख, हाइनिशेन वारला, पण ते पद शेवटी झेलेंकाऐवजी हासे या संगीतकाराकडे गेलं. झेलेंका तरी लिहीत राहिला. १७४०-४१च्या त्या थोरल्या मिसा (चर्चच्या उपासनेसाठीच्या रचना) त्याच्या हयातीत गायल्या गेल्याची नोंद नाही. त्यांतही तळ कुठे ढिला नाही.

मला हट्टी म्हणतात. लोकांना ऐकायचा असतो हँडेल, आणि मी झेलेंका पुढे करतो. करणारच. बेस ऐकल्याशिवाय एक ओळ पुढे सरकता येत नाही असं संगीत कॉयरला दुसरीकडे क्वचितच मिळतं. कितीतरी गोड आल्टो कंटाळून निघून गेल्या. त्यांचा कान खाली वळवायला मला वेळच मिळाला नाही, ही रुखरुख अजून आहे. तू तशी जाऊ नयेस.

म्हणून पुढच्या तालमीला तुझी ओळ घोटून येऊ नकोस. बेसची ओळ पाठ कर, आपल्या सप्तकात, शब्दांसकट. ती मला एकटीने गाऊन दाखव. सोप्रानोचं त्यानंतर बोलू.