मरीन टँकचा दिवा मिठाने गंजला; वॉरंटी नाकारता येते का?

प्रश्न : प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी मी ऑनलाइन एलईडी दिवा घेतला. खोक्यावर ‘मरीन आणि रीफ टँकसाठी’ असं छापलेलं आहे, वॉरंटी एक वर्षाची. नवव्या महिन्यात निळ्या एलईडींची अख्खी रांग बंद पडली, पंखा घरघरू लागला. सर्व्हिस सेंटरने दिवा उघडून पाहिला आणि ‘आत क्षार जाऊन सर्किट गंजलं, हा ग्राहकाचा निष्काळजीपणा, वॉरंटी लागू नाही’ असं कळवलं. ‘बिघाड माझ्या चुकीमुळे झाला’ अशा कागदावर सही दिली तर नव्या दिव्यावर सवलत देऊ, असंही ते म्हणतात. दिवा कंपनीच्याच स्टँडवर, पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर होता. मात्र उजेड कमी पडतोय असं वाटून त्याच्या खालचं पारदर्शक कव्हर मी काही आठवडे काढून ठेवलं होतं. दिवा बंद पडल्यावर काही प्रवाळही मेले. दाद मागता येईल का?

उत्तर : येईल, आणि तुमची बाजू सर्व्हिस सेंटर भासवतं तेवढी लंगडी मुळीच नाही. पण आधी एक गोष्ट : त्या कागदावर सही करू नका. ‘चूक माझी’ हा तुमच्याच सहीचा कबुलीजबाब उद्या ग्राहक आयोगासमोर पहिल्या पानावर लागेल आणि मग बाकीचा पुरावा कितीही चांगला असला तरी तो खोडत बसावं लागेल. सवलतीच्या मोबदल्यात ते तुमच्याकडून हीच एक गोष्ट विकत घेत आहेत.

आता मुद्द्याचं. मरीन टँकवर मीठ उडणं हा अपघात नाही, तो त्या टँकचा रोजचा स्वभाव आहे. स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र), ओव्हरफ्लो (वरचं पाणी वाहून जाण्याची वाट), वेव्हमेकर (लाटा निर्माण करणारा पंप) यांच्यामुळे पाण्यात बुडबुडे तयार होतात. ते पृष्ठभागावर फुटले की बारीक तुषार वर उडतात, पाणी वाळतं आणि मीठ मागे राहतं. दिव्याचा पंखा तीच खारट हवा आत ओढून हीट सिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावर) आणि सर्किटवर सोडतो. एकदा मिठाचा थर बसला की पुढे थेंब उडण्याचीही गरज उरत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतला ओलावा ओढून स्वतःच ओलं होतं, आणि वीजवाहक बनलेला तो पातळ थर तांब्याला आणि सोल्डरला खाऊ लागतो. हे सगळं दिवा बनवणाऱ्याला माहीत असतं, माहीत असायलाच हवं. म्हणूनच सर्किटवर संरक्षक लेप देतात, पंख्याची जागा विचारपूर्वक ठरवतात, खाली कव्हर लावतात.

म्हणून ‘क्षार आत गेला’ हे कंपनीचं उत्तर मला बचावापेक्षा कबुलीच्या जवळचं वाटतं. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(10) मध्ये ‘दोष’ या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. कायद्याने किंवा करारानुसार, मग तो स्पष्ट असो वा गर्भित, जो दर्जा राखायला हवा त्यातली उणीव म्हणजे दोष. विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दर्जा असल्याचा दावा केला, त्यातली उणीवही दोषच. खोक्यावरची ‘मरीन आणि रीफ टँकसाठी’ ही ओळ म्हणजे असाच दावा. शिवाय वस्तू-विक्री कायदा, 1930 चं कलम 16 मालाच्या योग्यतेची आणि विक्रीयोग्य दर्जाची गर्भित अट घालतं. खाऱ्या पाण्यावर टांगण्यासाठी विकलेला दिवा खाऱ्या हवेत वर्षभरही टिकत नसेल, तर प्रश्न आधी विकणाऱ्याला विचारायचा.

कंपनी कदाचित आयपी रेटिंग, म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा, पुढे करील : दिवा आयपी 65 आहे, तरीही पाणी गेलं म्हणजे तुम्हीच तो बुडवला असणार. या युक्तिवादाला बिचकू नका. आयपीच्या चाचण्या धूळ आणि पाणी आत शिरण्याविषयी असतात आणि पाण्याच्या चाचण्या गोड्या पाण्याने होतात. मिठाने गंजण्याची चाचणी वेगळी असते. ती केली होती का, हे तुम्हीच लेखी विचारा.

आता तुमची कमकुवत जागा, आणि ती मी झाकून ठेवणार नाही : कव्हर. पुस्तिका बाहेर काढा आणि शब्द न् शब्द वाचा. ‘कव्हरशिवाय वापरू नये’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल, तर वॉरंटी नाकारायला कंपनीला खरा आधार मिळतो. मग तुम्हाला दाखवावं लागेल की गंज कव्हरच्या बाजूने आलाच नाही, पंख्याच्या बाजूने आला. हे अशक्य नाही. पुस्तिकेत कव्हर ‘काढता येण्याजोगं’ किंवा ‘स्वच्छतेसाठी काढा’ एवढंच असेल आणि इशारा नसेल, तर बाजू तुमची. काहीही असलं तरी कव्हर काढल्याची गोष्ट तक्रारीत स्वतःहून लिहा. उलटतपासणीत ती बाहेर आली तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

गंज कुठून आला हे दाखवायचं तर दिवा आहे तसा ठेवणं फार महत्त्वाचं. प्लग काढा, पुन्हा लावून पाहू नका, विजेचा धोका आहे. आणि कृपा करून पुसू नका! एरवी बंद दिव्यावरचं मीठ गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने नियमित पुसायचंच असतं, पण आता ते मीठ तुमचा साक्षीदार आहे. पंख्याच्या जाळीवर भुरभुरीत पांढरा थर आणि सर्किटच्या त्याच बाजूला हिरवट गंज असेल, तर मीठ हवेतून आलं या म्हणण्याला बळ मिळतं. जवळून फोटो काढा, उघडण्याच्या खुणा आणि अनुक्रमांक दिसू द्या. सर्व्हिस सेंटरकडून तपासणी अहवाल लेखी मागा. दिवा त्यांच्याचकडे असेल तर ‘दुरुस्ती, सफाई न करता परत द्या’ असा ई-मेल आजच पाठवा. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 38 नुसार आयोग वस्तूचा नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. पुसलेल्या दिव्यातून प्रयोगशाळेला काय दिसणार?

प्रवाळांबद्दल मी सावध राहीन. ‘उत्पादन दायित्व’, म्हणजे सदोष उत्पादनाने केलेल्या हानीची जबाबदारी, हे नवं प्रकरण ऐकून अनेकांना तिथे मोठी भरपाई दिसते, पण कलम 2(22) मधल्या ‘हानी’त खुद्द उत्पादनाचं नुकसान येत नाही आणि वॉरंटीच्या भंगामुळे झालेलं मालमत्तेचं नुकसानही वगळलेलं आहे. म्हणून मूळ तक्रार सदोष वस्तूची ठेवा : दिवा बदलून द्या किंवा पैसे परत करा. प्रवाळांची भरपाई वेगळी मागणी म्हणून जोडा, तीही पाण्याच्या नोंदी असतील तरच. पाण्यातलं मिठाचं प्रमाण, अल्कलिनिटी (आम्लता रोखून धरण्याची पाण्याची क्षमता), कॅल्शियम स्थिर होतं आणि उजेड गेल्यावरच प्रवाळ पांढरे पडले, हे दिसायला हवं. नाहीतर ‘पाणीच बिघडलं होतं’ या एका वाक्यात ती मागणी उडेल आणि मूळ तक्रारही डागाळेल.

वॉरंटीतली अट अन्यायकारक करार आहे असं म्हणून लढायचा मोह होईल. तो दावा राज्य आयोगाकडे जातो; एका दिव्यासाठी ती वाट मला लांबची वाटते.

विक्री ऑनलाइन असल्याने आधी संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करा. दिवा परदेशी असेल तर आयातदारालाही पक्षकार करा, कारण कायद्यातल्या ‘उत्पादन विक्रेता’ या व्याख्येत आयात करणाराही येतो. एवढ्यावर भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं. ती वॉरंटी नाकारल्यापासून मोजता येईल असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर विसंबू नका. दिवा बंद पडला ती तारीख धरूनच चाला.

टँकला उजेड लागणारच, तेव्हा दरम्यान दुसरा दिवा घ्यावा लागेल. तो घेण्याआधी विक्रेत्याला ई-मेलवर एवढंच विचारा : ‘तुषारांमुळे आत क्षार साचून बिघाड झाला तर वॉरंटी लागू राहील का?’ उत्तर ‘हो’ आलं तर ई-मेल बिलासोबत जपून ठेवा. टाळाटाळ झाली तर तो दिवा घेऊ नका.