काळा चौकोन की काळा चौरस?

प्रश्न असा आहे. चित्रकार काझिमिर मालेविचच्या, पांढऱ्यावर एकच काळी आकृती असलेल्या गाजलेल्या चित्रावर लिहिताना एकांनी त्याला ‘काळा चौकोन’ म्हटलं. लेख तपासणाऱ्याने ते खोडून ‘काळा चौरस’ केलं. त्याचं म्हणणं, चौकोन चार बाजूंचा कसाही असू शकतो, मालेविचने काढला आहे तो चौरस. मग बरोबर कोणाचं?

मला ‘चौकोन’ योग्य वाटतो, आणि तोही फक्त कानाला बरा लागतो म्हणून नव्हे.

भूमितीच्या तासाला शिकलेला भेद तपासणाऱ्याने पाळला आहे, तो चूक नाही. चारही बाजू समान आणि चारही कोन काटकोन असतील तर चौरस. नुसत्या चार बाजूंनी बंद झालेली आकृती म्हणजे चौकोन. पण हा भेद शब्दांच्या घडणीत नाही, तो परिभाषेने घालून दिलेला आहे. ‘चौकोन’ आला ‘चतुष्कोण’वरून आणि ‘चौरस’ ‘चतुरस्र’वरून. त्यातल्या ‘अस्र’चा अर्थही कोपराच. म्हणजे मुळात दोघेही चार कोपऱ्यांचेच. पुढे वाटा फुटल्या. ‘चौरस’ला नेमकेपणा, सर्व बाजूंनी पुरेपणा चिकटला, ‘चौरस आहार’ म्हणतो तो त्याच अर्थाने. ‘चौकोन’ मात्र सैल राहिला. आईवडील आणि दोन मुलं असली की ‘चौकोनी कुटुंब’ म्हणून आपण मोकळे होतो, बाजू समान आहेत का हे कोणी मोजायला जात नाही.

आणखी एक गोष्ट. रोजच्या बोलण्यात ‘चौरस’ बहुतेक वेळा विशेषण म्हणूनच येतो : चौरस खोली, चौरस तुकडा, चौरस फूट. नाम म्हणून तो भूमितीच्या पुस्तकाबाहेर फारसा पडत नाही. त्यामुळे ‘काळा चौरस’ वाचताना पुढच्या शब्दाची वाट पाहत आपण क्षणभर थबकतो. ‘काळा चौकोन’ तिथेच पुरा होतो.

आता चित्राकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. हे चित्र १९१५ सालच्या डिसेंबरात रशियातल्या पेट्रोग्राडला (आजचं सेंट पीटर्सबर्ग) ‘०,१०’ नावाच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लागलं. त्या प्रदर्शनाच्या यादीत त्याचं नाव ‘काळा चौरस’ या अर्थाचं नव्हतंच. तिथे छापलं होतं ‘चेतिरेउगोल्निक’. रशियनमध्ये ‘चेतिरे’ म्हणजे चार आणि ‘उगोल’ म्हणजे कोन. शब्दाला शब्द लावला तर नेमका आपला ‘चौकोन’! ‘चेतिरे’ आणि ‘चतुर्’ हे तर एकाच मुळाचे. चौरस या अर्थाचं ‘क्वाद्रात’ हे नाव नंतर रुळलं आणि जगभर गेलं.

‘उगोल’चे रशियनमध्ये दोन्ही अर्थ आहेत, कोन आणि खोलीचा कोपरा. मालेविचने हे चित्र भिंतीवर इतरांच्या रांगेत न लावता छताजवळ, दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात लावलं. रशियन घरांत पूजेच्या प्रतिमा ठेवतात ती हीच जागा. चार कोनांची आकृती आणि तीही कोपऱ्यात, हे मला भारीच वाटतं.

आणि मोजून पाहिलं तर? कॅनव्हास ७९.५ सेंटिमीटर बाय ७९.५ सेंटिमीटर, म्हणजे तो चौरस खराच. आतली काळी आकृती मात्र तशी नाही. तिच्या बाजू काटेकोरपणे समांतर नाहीत, कोपरे नव्वद अंशांना थोडे चुकतात. दुरून ती चौरस भासते. जवळ गेलं की कडा हाताने ओढलेली आहे हे कळतं. काळा थर तडकला आहे आणि भेगांमधून खालचे रंग डोकावतात. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयातल्या तज्ज्ञांनी २०१५ मध्ये सांगितलं की काळ्याखाली आधीची दोन रंगीत चित्रं आहेत. तेव्हा ‘काळा’ हा शब्दही इथे ‘चौरस’इतकाच ढोबळ आहे. पण त्याला पर्याय नाही, ‘चौकोन’ मात्र आपल्याजवळ तयार आहे.

तपासणाऱ्याच्या दुरुस्तीला मी चूक म्हणणार नाही. नंतर रुळलेल्या नावाचं भाषांतर म्हणून ‘काळा चौरस’ चालेल. पण त्याच वर्षीचं मालेविचचं लाल आकृतीचं चित्र लेखात येणार असेल, तर तिथे मी अडून बसेन. त्याचा वरचा उजवा कोपरा बाहेरच्या बाजूला इतका उघड ओढलेला आहे की लांबूनही तो नजरेत भरतो. त्याला ‘लाल चौरस’ म्हणायला माझी जीभ वळत नाही. तो लाल चौकोन.