‘पुरोरेसु’ म्हणजे नुरा कुस्ती का?

प्रश्न असा आलाय : जपानी ‘पुरोरेसु’ला, म्हणजे तिथल्या व्यावसायिक कुस्तीच्या खेळाला, मराठीत ‘नुरा कुस्ती’ म्हणावं का, आणि त्यातल्या शैलींच्या नावांचं काय करावं?

‘नुरा कुस्ती’ अजिबात नको. नुरा कुस्तीत दोघं आतून मिळालेले असतात आणि फसतो तो प्रेक्षक. त्यासाठी जपानीत ‘याओचो’ हा वेगळा शब्द आहे. मेजी काळात (१८६८ ते १९१२) चोबेई नावाचा भाजीवाला, म्हणजे ‘याओया’, सुमोतल्या एका बड्या असामीची मर्जी राखायला ‘गो’ या पटावरच्या खेळात मुद्दाम हरायचा, त्यावरून हा शब्द पडला असं सांगतात. पुरोरेसुचा निकाल आधी ठरतो हे तिथल्या रसिकाला ठाऊक असतं. तो बघायला येतो ते मार कसा झेलला जातो हे. या झेलण्याला ‘उके’ म्हणतात आणि त्याचं सौंदर्यशास्त्र मांडणारे चाहते आहेत. १८ जुलै २००५ ला टोकियो डोम या स्टेडियममध्ये कोबाशी आणि सासाकी हे मल्ल समोरासमोर उभे राहून कितीतरी वेळ एकमेकांच्या उघड्या छातीवर हाताचे फटके मारत राहिले. छात्या लालबुंद झाल्या. त्याला लुटुपुटीची लढाई म्हणवत नाही. मिसावा हा मल्ल तर २००९ मध्ये हिरोशिमात सामना चालू असतानाच कोसळला आणि गेला.

शब्दाची घडण सोपी आहे. ‘प्रोफेशनल रेसलिंग’चे दोन्ही शब्द छाटून ‘पुरो’ आणि ‘रेसु’ जोडले. पर्सनल कॉम्प्युटरचा ‘पासोकोन’ झाला तोच प्रकार. शेवटचा उकार जेमतेम ऐकू येतो.

आता शैली. पुरोरेसुचा जनक मानल्या जाणाऱ्या रिकिदोझानचे दोन शिष्य, अंतोनियो इनोकी आणि जायंट बाबा, ३० सप्टेंबर १९६० ला एकाच दिवशी पहिल्यांदा रिंगणात उतरले आणि १९७२ मध्ये दोघांनी आपापल्या संस्था काढल्या. इनोकीची शैली ती ‘स्ट्राँग स्टाइल’. जपानी लोकही इंग्रजी शब्दच वापरतात, तेव्हा आपणही तोच ठेवावा. बाबाच्या शैलीला ‘ओदो’ म्हणतात. अक्षरशः ‘राजाचा मार्ग’, म्हणजे आपला राजमार्ग. रुळलेली, सर्वमान्य वाट ही छटाही दोन्हीकडे आहे, म्हणून इथे भाषांतर बिनधास्त करावं.

मला सगळ्यात आवडतो तो ‘शितेन्नो पुरोरेसु’. नव्वदच्या दशकातले मिसावा, कावादा, ताउए, कोबाशी हे चौघे म्हणजे ‘शितेन्नो’. मूळचे शितेन्नो हे बौद्ध परंपरेतले चार दिशांचे राखणदार : धृतराष्ट्र, विरूढक, विरूपाक्ष आणि वैश्रवण. वैश्रवण म्हणजे आपला कुबेर. इथून गेलेले देव तिथे मल्लांची बिरुदं झाले! ‘चार दिक्पाल’ म्हटलं की मराठी वाचकाला लगेच पोचतं.

‘पुरोरेसु’ मात्र सुमो, ज्युदोसारखा तसाच राहू द्या. टोकियोतल्या कोराकुएन हॉल या कुस्तीच्या सभागृहात आवडत्या मल्लाचं नाव पुकारलं की चाहते रंगीत कागदी फिती रिंगणात भिरकावतात, आणि त्याला लागू नये म्हणून आतली पुठ्ठ्याची नळी आधीच काढून ठेवलेली असते. एवढ्या मायेच्या खेळाला ‘नुरा’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.