मजकूर राहू दे, जिना चढ

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

रात्री साडेअकराला तुझा तिसरा मजकूर आला, 'काकू, हा तरी चालेल का?' नाही चालणार. तो कुणासाठी लिहिलाय हेच त्यातून कळत नाही. पहिल्यांदा तू बिल्डिंगच्या ग्रुपवर 'मेरी ख्रिसमस' टाकलंस. एकाने विचारलं, 'आपले सण कमी पडले का?' दुसऱ्याने तुळशीपूजनाचं पोस्टर चिकटवलं आणि तू मेसेज पुसून टाकलास. मग हिंजवडीच्या ऑफिसातून 'हॅपी हॉलिडेज' उचलून आणलंस. अगं, ते अमेरिकेतलं भांडण. तिथे ख्रिसमसचं नाव घेतलं की बाकीच्यांना वगळलं म्हणतात, नाही घेतलं की काही ख्रिस्ती चिडतात. त्यांचं ते बघतील. आपल्याकडे ख्रिस्ती घर एकच, सी विंग, तिसरा मजला. तो जिना तू अजून चढलेली नाहीस.

तुळशीला मी रोज पाणी घालते. तिचं लग्न कार्तिकात लागतं. डिसेंबरात तिला कुणाच्या तरी अंगावर घालायची टूम अलीकडची. पूजा कर की, कुणी अडवलंय? पण कुरघोडीसाठी कुंडी पुढे करायची, हे मला नाही पटत. आणि 'परका सण' म्हणणाऱ्यांना कधीतरी क्वार्टर गेटपाशी ने. तिथल्या सिटी चर्चला जागा सवाई माधवराव पेशव्यांनी दिली, १७९२ साली. नाताळ हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आला आणि आपल्या तोंडात इतका रुळला की परका वाटतच नाही.

पुण्याला या बाबतीत फार जुनी खोड आहे म्हणा. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला मंडळी गेली. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. पुढे चहा आला. कुणी प्यायला, कुणी नुसता हातात घेतला. गोपाळराव जोशांनी सगळ्यांची नावं छापून आणली आणि गावात ग्रामण्य माजलं, म्हणजे वाळीत टाकायची भाषा सुरू झाली. म्हणजे स्क्रीनशॉट तेव्हाही होता! टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं. एवढ्या मोठ्या माणसांना एका कपाने घाम फोडला, तिथे तू मेसेज पुसलास याचं मला काही वाटत नाही. जिना चढली नाहीस, याचं वाटतं.

का वाटतं ते सांगते. १९८६ साली कँपातल्या एका कार्यालयात माझ्या शेजारच्या टेबलावर नगरकडची एक बाई बसायची. नऊवारीतली आजी, घरात अभंग, रविवारी देऊळ. चर्चला ती देऊळच म्हणायची. त्या वर्षी नाताळ गुरुवारी आला, मार्गशीर्षातल्या. मी ते गुरुवार करायचे, हे तिला माहीत. शुक्रवारी तिने तीन पुडी स्टीलचा डबा आणला. वरच्या पुडात करंज्या, कातणीने कापलेल्या, कडा अगदी एकसारख्या. म्हणाली, 'तुझ्यासाठी वेगळ्या तळल्यात, केकपासून लांब ठेवल्यात. कालचा उपास सुटला ना?' समोरच्या टेबलावरच्या तिघी बघत होत्या. मी म्हटलं, 'आजही उपास आहे.' शुक्रवारी! ती 'बरं' म्हणाली आणि झाकण लावलं. त्या झाकणाचा आवाज मला अजून येतो. दुपारी कॅन्टीनमध्ये मी बटाटेवडा खाताना तिने मला पाहिलं. काही बोलली नाही. पुढच्या जूनमध्ये तिची नगरला बदली झाली.

म्हणून सांगते, चढ जिना. तिथे 'मेरी' म्हण, 'हॅपी' म्हण, 'नाताळच्या शुभेच्छा' म्हण, नाहीतर नुसतं 'काय करताय' म्हण. समोर माणूस असला की शब्द सापडतो.

आता तू म्हणशील, काकू, गेटवर चांदणी लावायचा विषय मीटिंगमध्ये निघाला तेव्हा तुम्ही कमिटीवर असून गप्प का होतात? होते गप्प. वर्गणीचा हिशोब माझ्याकडे होता, लिफ्टचं काम अडकलं होतं, त्या दोघांशी भांडले असते तर सह्या मिळाल्या नसत्या. आणि त्याच संध्याकाळी मी सी विंगला जाऊन तासभर बसले, हे कुणी बघितलं? चांदणी त्यांनी स्वतःच्या गॅलरीत लावली, वायर मी धरली होती. याला पळपुटेपणा म्हणायचं असेल तर म्हण. माझ्या मते ग्रुपवर दहा ओळी झोडण्यापेक्षा ते बरं. (मीटिंगमध्ये एक वाक्य बोलता आलं असतं, हे तुझं म्हणणं खोटं नाही. पण ते आत्ता नको.)

उद्या सातच्या पुढे जा, आधी ते देवळात असतात. लिफ्ट पुन्हा बंद आहे. फराळ पुढे केला तर तिथेच बसून खा, 'डाएट' म्हणालीस तर माझ्याशी गाठ आहे. आणि घरी न्यायला डबा भरून दिला तर परत करताना रिकामा देऊ नकोस. माझ्याकडे तिळाच्या वड्या केलेल्या आहेत, फ्रीजवरच्या निळ्या डब्यात.

तुझी काकू